इंदूरला निघालेलं कार्ड

२ ऑगस्ट

हो म्हणून बसलो. आता ते कार्ड पोस्टानं धड पोचवायचं आहे.

इंदूरच्या खंडेलवालसाहेबांनी सगळे पैसे आधीच पाठवले. ना भेट, ना ओळख — मोबाइलवरच्या फोटोवर विश्वास! फोनवर एवढंच म्हणाले, “बस एक बात, देवानंदजी. कोना मुड़ा तो कार्ड गया.” कोपरा दुमडला की संपलं.

कार्ड तळहाताएवढंही नाही. च्युइंगमच्या पाकिटातून निघायचं तसलं, क्रिकेटचं. पण त्यावर फोटोतल्या फलंदाजाची निळ्या शाईतली सही आहे. मी नऊ वर्षांचा होतो, टायफॉइडनं आदिलाबादच्या दवाखान्यात पडलो होतो, तेव्हा बाबांनी आणून दिलं. बेल्लमपल्लीच्या स्टेशनावर तो चहा प्यायला उतरला होता, तिथं सही घेतली म्हणाले. तेव्हापासून ते माझ्या वहीत आहे.

विकलं हे बाबांना सांगितलेलं नाही. त्यांच्या कानाचं मशीन यातूनच येणार आहे. आता कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना काही ऐकू येत नाही. पण विचारलं असतं तर नकोच म्हणाले असते. बायकोला, चंदाला, तेवढं माहीत आहे.

३ ऑगस्ट

अशा कार्डांसाठी तयार डबे मिळतात. किंमत पाहून मोबाइल बाजूला ठेवला. आपल्या झेरॉक्सच्या दुकानात आहे त्यातच भागवायचं. ओळखपत्राची कडक कव्हरं आहेत, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे आहेत. फुग्यांचं प्लास्टिक समोरच्या फकिराच्या मोबाइल दुकानातून फुकट मिळालं.

चंदा म्हणाली, “लॅमिनेशन काऊन नाही करत? मशीन तं आपलंच हाय.”

त्या गरम रुळांतून ते कार्ड गेलं असतं तर! तिला काय माहीत, तिनं चांगल्यासाठीच म्हटलं. तरी मी मशीनचा प्लग काढून ठेवला.

४ ऑगस्ट

आज पत्त्यातल्या चौकटच्या सत्तीवर तालीम केली. कव्हरात घातली, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवली, वरून रबर लावलं. गच्चीवरून खाली टाकली. उघडून पाहतो तर रबरानं दाबून कडेला खाच पडलेली! हे खरं कार्ड असतं तर?

रबर बाद. स्टेपलर तर नकोच. दुसऱ्यांदा पुठ्ठे चारी बाजूंनी बोटभर मोठे कापले आणि कागदी टेप लावली. गच्चीवरून टाकलं — ठीक. मग पिशवीत घालून बादलीत बुडवलं. पाच मिनिटांनी काढलं तर पिशवीच्या तोंडातून पाणी शिरलेलं. आता दोन पिशव्या, एकीचं तोंड वर, दुसरीचं खाली.

चंदा हसत होती. मला हसू येत नव्हतं.

५ ऑगस्ट

कार्ड वहीतून काढलं, परत वहीत ठेवलं. पॅक केलं नाही.

६ ऑगस्ट

केलं. हात धुतले, कोरडे केले, पंखा बंद केला. आधी पातळ पाकीट, मग कडक कव्हर. कव्हराच्या तोंडावर कागदी टेप, तिचं टोक दुमडून ठेवलं. उघडणाऱ्याला नख लावावं लागू नये, ब्लेड तर नकोच. मग पुठ्ठे, पिशव्या, फुग्यांचं प्लास्टिक, आणि सगळं एका छोट्या खोक्यात. हलवून पाहिलं. आवाज नाही. प्रत्येक पायरीचा फोटो काढला. उद्या कुणी म्हणालं, तुम्हीच दुमडून पाठवलं, तर?

टेप लावतच होतो तर ओसरीवर बाबांचे दोस्त बाबाराव आले. बाबांच्या कानाशी जाऊन म्हणाले, “ते सईवालं कार्ड दाखव ना, भगवानराव. लय दिवस झाले पाह्यलं नाही.” मी आत खोक्यावर हात ठेवून तसाच उभा. पण बाबाच म्हणाले, “राहू दे ना आता ते. च्या घे.”

वाचलो.

७ ऑगस्ट

आमच्या तामसीहून आदिलाबादची बस. खोकं मांडीवर, वर दोन्ही हात. शेजारच्या बाईनं विचारलं, दवाई हाय का? हो म्हणालो.

पोस्टात खिडकीवरच्या मॅडमनी तेलुगूत विचारलं, आत काय आहे. विमा करायचा म्हणजे किंमत सांगावी लागते. मागे रांग. मी इतका हळू बोललो की त्यांनी तीच किंमत मोठ्यानं परत विचारली! रांगेतला एक जण खोक्याकडे पाहू लागला. पावती घेऊन बाहेर आलो तरी तो डोळ्यांसमोरून जात नव्हता.

८ ऑगस्ट

मोबाइलवर एकच ओळ. आदिलाबादहून रवाना.

९ ऑगस्ट

मेसेज आला — पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल, खालची लिंक दाबा. मी दाबणारच होतो. चंदानं फोन हातातून ओढला. पावतीवरचा नंबर मेसेजमधल्या नंबरशी पडताळला. जुळला नाही! चोरांचा मेसेज होता. कानाच्या मशीनचे पैसे याच मोबाइलला जोडलेल्या खात्यात आहेत. नुसती लिंक दाबली असती तर...

दुपारी जेवण गेलं नाही.

१० ऑगस्ट

पार्सल पुढे सरकेना. पावसानं वाटेतला रस्ता बंद आहे म्हणे. दोन पिशव्या पुरतील का? बादलीत पाच मिनिटं ठेवणं वेगळं, ओल्या गाडीत दोन दिवस वेगळं. खंडेलवालसाहेबांनी फोन केला, मी उचलला नाही. काय सांगू? मग स्वतःचीच लाज वाटून परत लावला. ते म्हणाले, “आप घबराइए मत.” त्यांच्या आवाजातही भीती होती.

११ ऑगस्ट

काही नाही.

१२ ऑगस्ट

पोचलं! चारी कोपऱ्यांचे फोटो पाठवले त्यांनी. जसं निघालं तसं. पुठ्ठासुद्धा कोरडा. म्हणाले, इतकं नीट पॅक केलेलं कधी पाहिलं नाही. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. कानाच्या मशीनवाल्याला बुधवारी येतो म्हणून सांगितलं. आता बाबांना सांगायला हरकत नाही.

१३ ऑगस्ट

सांगितलं. बाबांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, “ते सई माही हाय. तू तापात डोये उघडत नव्हता. बेल्लमपल्लीले मी गेलोच नाही कदी.”

खंडेलवालसाहेबांना फोन लावून खरं सांगितलं. पैसे लगेच परत केले. कानाचं मशीन राहून गेलं. कार्ड माझ्याकडेच राहू दे, असं साहेब म्हणत होते, पण मी ते परत मागवलं.

बाबा चिडले. “खोटं कार्ड काऊन बोलावून राह्यला?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “तुमची सई हाय त्याच्यावर.”