रेशमाची रिळे, गळतीचा ट्रे आणि घर यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, लहान विमानांची इंजिने खोलून परत बांधणारी कारागीर, वय सत्तरीच्या पुढे, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली न येता आणि सकाळचा चहा पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे गुडघे कामातून गेले आहेत, डोके गेलेले नाही. याआधी कागदावर मृत्युपत्र केलेले नाही; रागाच्या भरात तोंडी केलेली सगळी रद्द समजावीत.

मला मूलबाळ नाही. पती वारले. मागे धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, एवढेच.

कलम एक. विमाने ठेवायच्या हँगरमागचे राहते घर भाचीला द्यावे. त्यातले शिलाई यंत्र विकू नये. ते माझ्या पतींचे. ते शिंपी होते आणि आमचे लग्न एका गळक्या इंजिनामुळे जमले. हे इथे नमूद करते, कारण नातेवाइकांत याच्या भलत्याच कथा फिरतात. हे मृत्युपत्र तपासणाऱ्या वकीलबाईंना समजावे म्हणून सांगते: इंजिनाचा मुख्य दांडा ज्या पेटीत फिरतो, त्या क्रँककेसचे दोन अर्धे भाग असतात. ते एकमेकांवर घट्ट बसवतात. सांध्यातून तेल बाहेर येऊ नये म्हणून सीलंटचा अगदी पातळ हात द्यायचा आणि त्यावर बारीक रेशमी दोरा, बोल्टच्या भोकांना वळसा घालत, मांडायचा. तसा दोरा आणायला मी त्यांच्या दुकानात गेले. "काय शिवायचंय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "इंजिन." ते हसले नाहीत. रीळ उजेडात धरून म्हणाले, "मग गाठ नसलेला देतो." असा माणूस हातचा जाऊ देऊन कसे चालले असते?

कलम दोन. बँकेत उरेल तेही भाचीलाच. त्यातून तिने आधी नवे पडदे घ्यावेत. आहेत त्यांना तेलाचा वास आहे आणि तो जात नाही, मी सगळे करून पाहिले आहे.

कलम तीन. गळणाऱ्या इंजिनाखाली ठेवायचा पत्र्याचा ट्रे फ्लाइंग क्लबच्या माजी सचिवांना द्यावा. "बाई, तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे, काळजी कशाला?" हे त्यांचे वाक्य मी दर सभेत ऐकले. ट्रे धुऊन देऊ नये.

कलम चार. बोल्ट किती आवळला ते दाखवणारा पाना आणि रेशमाची सगळी रिळे भाचीला. ती वैमानिक, तिला पाना कशाला, असे कुणी विचारील, म्हणून सविस्तर लिहिते.

भाऊ आणि मी एकाच हँगरमध्ये काम करायचो. मला सगळे सुईदोरा म्हणत आणि त्याला गवंडी, कारण तो सांध्यावर सिलिकॉन, म्हणजे वाळल्यावर रबरासारखा होणारा लगदा, थापायचा. "दोरा मांडत बसायला वेळ कुणाला आहे?" असे त्याचे म्हणणे. भाची पहिल्यांदा एकटी उडणार होती, त्या विमानाचे इंजिन त्याने हौसेने स्वतः बांधले. जमिनीवर चालवूनही पाहिले. त्या सकाळी मी इंजिनावरचे झाकण उघडले, तर सांध्यातून करड्या सिलिकॉनची जाड वळकटी बाहेर आलेली. जेवढे बाहेर, तेवढेच आत. आतले तुकडे सुटून तेलाच्या वाटेत अडकले, की इंजिन हवेतच बंद पडायचे.

"हे उडवायचं नाही," मी म्हटले.

"ताई, एक थेंब तरी गळतोय का? दाखव."

"बाहेर नाही गळत. आत काय झालंय ते बघू."

"लोक जमलेत. तू जा, तुझं शिवणकाम कर."

इंजिन अजून सुरू व्हायचे होते. मी हत्यारांची पेटी ओढत नेली, पुढच्या चाकाला टेकवली आणि तिच्यावर बसले. भाऊ ओरडला. सचिवांनी मला घड्याळ दाखवले. भाचीने वर विमानातून विचारले, "आत्या, तुला खात्री आहे?"

"नाही," मी म्हटले. "म्हणूनच उघडायचं."

ती पट्टा सोडून खाली उतरली.

तेलाची जाळी काढली, तर तिच्यात खोडरबराच्या चुऱ्यासारखे करडे तुकडे. भाऊ जाळी हातात धरून उभा राहिला. मग एकदा मुलीकडे पाहून मागच्या दाराने निघून गेला. त्यानंतर त्याने सिलिकॉन सोडले आणि माझ्याशी बोलणेही. माझे म्हणणे खरे निघाले याचा तो राग नव्हता. मुलीने बापाला न विचारता आत्याला विचारले, हे त्याला लागले होते. मला हे पतींनी समजावले. पुढे कित्येक वर्षे आम्ही दोघे हँगरच्या दोन टोकांना. "त्यांना सांगा, पाना परत करा," असले निरोप माझे पती पोचवायचे, गळ्यात टेप तशीच ठेवून.

ते गेले आणि निरोप पोचवायलाही कुणी उरले नाही. मग माझे हात थरथरू लागले. एका इंजिनावर मी दोरा मांडत होते आणि तो सारखा भोकात घसरत होता. मी त्याचा उद्धार करत परत उचलत होते. भाऊ पलीकडून आला, स्टूल ओढले, हात पुसले आणि माझ्याकडून रीळ घेतले.

"कुठून सुरू करू?" म्हणाला.

मी बोट ठेवले. ते इंजिन अजून कोरडे आहे.

तर पाना आणि रिळे भाचीला, कारण ती खाली उतरली.

कलम पाच. भावाला मी काहीही देत नाही. कुजबुज सुरू करण्याआधी कारण ऐकावे. वकीलबाईंचे म्हणणे, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, नसते वाद निघतात. मी त्याला विचारले, "माझं लेथ यंत्र हवं, की सही करशील?" धातू कातायच्या त्या लेथवर त्याचा डोळा आहे हे सगळ्या हँगरला माहीत आहे. तो बराच वेळ टेबलावरचा चहाचा डाग पुसत राहिला.

"सही करतो," म्हणाला. "उद्या कुणी म्हणालं, म्हातारीला काही कळत नव्हतं, तर सांगायला मी हवा ना. तुला तेव्हाही कळत होतं, ताई. मीच..."

वकीलबाई म्हणाल्या, हे कायद्याच्या भाषेत बसत नाही. मी म्हटले, नसू दे, जसेच्या तसे घ्या.

लेथ हँगरमध्ये आहे तिथेच राहू द्यावे. ते कोण वापरतो, याची चौकशी कुणी करू नये.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: सहीखाली हाताने घातला आहे

लिहून ठेवणारी: (सही)

तिने आमच्या देखत आणि आम्ही तिच्या देखत सही केली:
१. वकीलबाई (सही)
२. धाकटा भाऊ (सही)