शेवटचं काय खाल्लंत?

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! खोली ऑफिसच्या मागच्याच गल्लीत, चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर. दिवसभर ठोकाठोक, पण ऊन भरपूर. महिनाअखेरीस हे आणि ठमी येतील, तोवर माझंच राज्य. काम नेहमीचंच: जिल्ह्यात लोक जेवून आजारी पडले की ते कशामुळे, हे हुडकायचं. माझ्याआधीचे साहेब किल्ल्या देताना सारखे माझ्या डब्याकडे बघत होते. माणूस म्हणजे नुसता सांगाडा. ड्रायव्हर म्हणाला, इथे आले तेव्हा चांगले गरगरीत होते.

संध्याकाळी वांगं परतायला ठेवलं आणि ठमीशी फोनवर बोलत बसले. व्हायचं तेच झालं, करपलं. खरवडून खाल्लं, टाकायचं कशाला.

५ तारीख, बुधवार

कारखान्याच्या वसतिगृहात उलट्या. मी प्रत्येकाला विचारते, तीन दिवसांत काय काय खाल्लंत? माणसं सकाळचा चहासुद्धा विसरतात, पण मी चिकट आहे, काढून घेते. सगळ्यांनी भात, डाळ, कोबी सांगितलं आणि शेवटी वांगं. करपलेलं. आचारी भडकलाच. महिनाभरात वांगं आणलेलं नाही म्हणाला, आणि माझ्या हातून करपेल कसं? अन्नाचे नमुने तपासले, स्वच्छ. माझ्यासारखी आणखी एक सुगरण इथे आहे म्हणायची.

८ तारीख, शनिवार

आता गावाच्या दुसऱ्या टोकाला. वेगवेगळी घरं, वेगवेगळी स्वयंपाकघरं, आणि सगळे एकच सांगतात: उकडलेलं अंडं, मीठ जास्त. एक आजोबा ओशाळून म्हणाले, जन्मात अंड्याला शिवलो नाही पोरी, पण खारट होतं खरं.

परवा माझ्याच हातून अंड्यावर मीठ सांडलं होतं. तसंच खाल्लं. असतो योगायोग. असतोच.

११ तारीख, मंगळवार

अख्ख्या जिल्ह्याला आम्ही विचारतो, काय खाल्लंत. आमच्या खात्यात स्वतःला कुणी विचारत नाही. काल मी विचारलं. वांगं, अंडं, सगळं जुळलं. तरी खात्री करायची खोड जात नाही. दार लावून कच्चा बटाटा मधात बुडवून खाल्ला. असलं कोण खाणार?

आज शिंप्याचं सगळं घर दवाखान्यात. शिंपीण म्हणाली, गोड होतं बाई, मधासारखं, आणि कच्चं काहीतरी दाताखाली येत होतं. तिची सासू दुपारी गेली.

मी मारलं तिला. कुणाला सांगू? वेड्यात काढतील.

१४ तारीख, शुक्रवार

फक्त पाणी पिते. वॉर्ड रिकामा होत चाललाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा पायगुण चांगला. मला हसू आवरेना, मग रडू.

जुन्या साहेबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, घरचं कुणी येणार आहे का? जवळ आपलं माणूस नसलं तर आपलं खाणं परक्यांना भोवतं, म्हणाले. आणि असलं तर— त्यांनी फोन ठेवला.

यांना लगेच कळवलं, येऊ नका. हे म्हणाले, रुसलीस की काय?

१६ तारीख, रविवार

आले. दोघंही. न सांगता, मला चकित करायला.

ठमी म्हणाली, आई, तुझी काडी झाली. मी जेवत नाही म्हटल्यावर तिनं पावाला साखर लावली, घास केला, भरवला. मी तो गालात धरून ठेवला. तिनं माझं तोंड उघडून पाहिलं. तिला औषध देताना मी बघते ना, अगदी तसं. जीभ वर कर म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

गिळला. खरं सांगते, भूकही फार होती. मग बाकीचा पावही—

१७ तारीख

ठमी पोट धरून पडलीय. हे गाडी आणायला धावलेत.

विचारलं तिला, काय खाल्लंस बाळा— सवय, दुसरं काय.

काही नाही म्हणाली. पाव सगळा तुलाच दिला.

पण आई, दाताखाली साखर येतेय म्हणते. सारखी थुंकतेय, तरी येतेय— हात गार लागतोय तिचा— हे अजून— ठमे, इकडे बघ, माझ्याकडे ब—