विल की वुड

सुलतानपूर, कार्तिक वद्य तृतीया

बुलढाण्याच्या वसतिगृहासाठी इंग्रजीत अर्ज लिहिला. ‘वडील परत आले तर तेच सही करतील.’ मास्तरांनी ‘करतील’साठी लिहिलेलं ‘विल’ खोडून ‘वुड’ केलं. त्यांनीच शिकवलंय, साहेबापुढे नम्रपणासाठी वुड. आणि जे होण्यासारखं नाही तिथंही वुड. मग हे कोणतं? बाबा घर सोडून गेले त्याला तीन वर्षं झाली, एक पत्र नाही.

वुड घालूनच अर्ज नीट उतरवला. पालक म्हणून अंगठा लावताना आई म्हणाली, “तुह्या बापाचं काय लिवलं रे?”

“आले तर सही करतील.”

“तर काऊन? येतीनच नं ते!”

मी हाव म्हटलं. तिचा शाईचा अंगठा नेमका वुडवर पडला. अर्ज पुन्हा लिहावा लागणार. आता मास्तरांचं लिहू की आईचं?