मोठ्या डेगेचा राजीनामा

२५ शाबान
आज मशिदीच्या कमिटीला राजीनामा दिला. रमजानात रोजा सोडायला गावाला वाटायच्या पेजेची मोठी डेग दहा वर्षं मी सांभाळली. मांस किती, नारळाचं दूध कधी, जाळ कुठवर, सगळं माझ्या शब्दावर. पण माणसाची किंमत नाही. हा माझा दहावा राजीनामा. पद्धत ठरलेली आहे. मी रुसतो, दोन दिवसांनी थोरला भाऊ अलोंग बिस्किटांचा डबा घेऊन समजूत काढायला येतो, तिसऱ्या चहाला मी मानतो. चहापूड आहे का ते बायकोला, रोहायाला विचारलं. म्हणाली, आहे, पण यंदा जरा बेतानं रुसा. बायकांना यातलं कळत नाही.

२८ शाबान
अलोंग आला नाही. बिस्किटं मिळाली नसतील.

२९ शाबान, संध्याकाळ
व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज. राजीनामा आभारासह मंजूर. खाली अध्यक्ष म्हणून अलोंगचं नाव. डेग आता त्याच्या जावयाकडे, हझवानकडे. हझवान बँकेत नोकरी करतो. बँकेतला माणूस पेज करणार.
विश्वासघात. ज्याच्या खांद्यावर बसून लहानपणी नदी ओलांडली, त्यानेच मधोमध सोडलं. जेवण गेलं नाही. नंतर थोडं गेलं.

१ रमजान, पहाट
पहाटेच्या नमाजेनंतर उस्ताज सुफियान रोज नबींच्या गोष्टी सांगणार आहेत. म्हणाले, ऐकून इथेच सोडू नका, घरी नेऊन वापरा. वापरणार. आज हजरत अय्यूब. सगळं गेलं तरी तक्रार नाही. निश्चय: सबर. कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही.

१ रमजान, दुपार
माझ्या सबराबद्दल शेजारच्या झबेदामावशी, पोस्टमन, मासेवाला आणि न्हावी यांना सांगितलं. तिघं हळहळले. न्हावी म्हणाला, पण उसू, तूच सोडलंस ना? (घरात शेंडेफळ म्हणून उसू. पन्नाशी उलटली तरी सुटका नाही.) न्हावी बदलणार.

६ रमजान
हजरत नूह. लोक हसत होते, ते प्रलयासाठी जहाज बांधत राहिले. निश्चय: घरामागे आपली स्वतःची डेग लावायची.

९ रमजान
चूल बांधली. लोक हसले. म्हणजे दिशा बरोबर आहे.

११ रमजान
पेज तळाला लागली. मशिदीत घोटायला आठ जण असतात, इथे मी एकटा. त्यात अलोंगचं वागणं आठवलं आणि हात थांबला. म्हणजे करपवली कुणी, तर अलोंगने. सत्तर माणसांची केली होती. झबेदामावशी तेवढ्या आल्या, मांजर घेऊन. मांजराने वास घेतला आणि मावशींच्या आधी निघून गेलं.
रोहायाने मशिदीतून हझवानची पेज आणली. रोजा सोडताना निव्वळ अभ्यास म्हणून चव घेतली. मिठाला कमी. दोन वाट्या अभ्यास केला.

१५ रमजान
आज हजरत यूनुस. आपल्या लोकांवर रागावून निघून गेले, ती गोष्ट. माझ्या केसशी संबंध नाही. खांबाला टेकून डुलकी काढली. जाग आली तेव्हा उस्ताज माझ्याकडेच बघत होते.

२१ रमजान
हजरत युसूफ. भावांनीच विहिरीत टाकलं. मला हुंदका आवरेना. मागे कोणीतरी म्हणालं, उसूला उपास बाधला. शेवटी तेच भाऊ दारात येतात आणि युसूफ म्हणतात, आज तुमच्यावर काही ठपका नाही. निश्चय: ईदला अलोंग आला की माफ करून टाकायचं. आरशासमोर प्रॅक्टिस केली. पहिल्यांदा आवाज चढला. चौथ्यांदा जमलं.

२९ रमजान
रोहाया म्हणते, ईदला धाकट्याने थोरल्याकडे जाऊन हाताचं चुंबन घ्यायचं असतं, थोरला कशाला येईल? मी म्हणालो, युसूफचे भाऊही थोरलेच होते, तेच आले. ती म्हणाली, त्यांच्या घरचं धान्य संपलं होतं म्हणून आले. अलोंगच्या घरी बांबूतला भात दोन दिवस शिजतोय. हिला गोष्टी नको तेवढ्या पाठ आहेत.

१ शव्वाल, सकाळी ९
ईद. नवे कपडे. खुर्ची दाराकडे तोंड करून.

सकाळी ११
रोहाया मुलींना घेऊन अलोंगकडे गेली. विश्वासघात क्रमांक दोन.

दुपारी ३
तिकडून हसण्याचे आवाज येतात. मी नसताना यांना हसू कसं येतं? ईदच्या मसालेदार मांसाचं, रेंदांगचं भांडं उघडून पुन्हा झाकलं. ईदच्या दिवशी एकट्याला घास जात नाही. फार वाईट वाटतंय.

२ शव्वाल
काल सव्वापाचला गेलो. फक्त मुलींना आणायला.
अलोंग ओसरीत पाय पसरून बसला होता. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मला कुणी सांगितलं नव्हतं. रोहाया म्हणते तीनदा सांगितलं. वाक्य तयार होतं, पण आधी हाताचं चुंबन घ्यावं लागतं, त्यासाठी मान खाली घालावी लागते, आणि मान खाली असताना कुणाला माफ करता येत नाही. अलोंगनेच माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, नऊ वर्षं तुझी समजूत काढायला आलो रे, यंदा पाय उचलेना. म्हटलं, एकदा तरी हा आपणहून येतो का बघू. रोज दुपारी इथेच बसत होतो, रस्त्याकडे तोंड करून.
मी विचारलं, मग डेग? म्हणाला, डेग हझवानकडेच राहील. त्याची करपत नाही.

३ शव्वाल
पुढच्या रमजानला घोटणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलंय. नववं. एकूण नऊ.
सकाळी अलोंगच्या गुडघ्यांसाठी तेल घेऊन गेलो. घड्याळ लावून पाहिलं. चालत चार मिनिटं लागतात.