बोल्टाखालचा हिरवा रंग

बंगळूर, १२ नोव्हेंबर १९६३

प्रिय प्राणेश,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. पुण्याच्या कारखान्यात तुझ्या हातून झालेली चूक तू मला एकटीलाच कळवलीस आणि आता काय करू म्हणून विचारलंस. सांगते, पण आधी आपल्या वर्कशॉपातली हकीकत ऐक.

होसकोट्याच्या शिवाप्पांचा म्हातारा ट्रॅक्टर तुला आठवत असेल. दसऱ्याआधी आपल्या कल्लाप्पाने त्याच्या स्टार्टरच्या मोटरीतले झिजलेले कार्बन बदलले. आयुधपूजेला ट्रॅक्टर दारातच होता, आणि तुझ्या अण्णांची रीत तुला ठाऊक आहे. त्या दिवशी दारात असेल त्या यंत्राला नवा रंग! जुन्या कपड्यांत पूजेला कसं बसवायचं म्हणतात. स्वतः हिरवा रंग दिला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडून ट्रॅक्टर गेला.

परवा शिवाप्पा तणतणत परत आले. स्टार्टर दमेकऱ्यासारखा कण्हत होता, इंजिन काही उचलेना. जमलेल्या चौघांनी कल्लाप्पालाच धरलं. कार्बन नीट बसवले नाहीत, दुसरं काय! तो बिचारा मान खाली घालून उभा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, गेली याची नोकरी.

अण्णांनी दुसरी, भरलेली बॅटरी जोडली, तरी तेच. स्टार्टर काढून बाकावर जोडला, तर भिंगरीसारखा फिरला. तो परत बसवला, बटण दाबायला लावलं आणि बॅटरीच्या जाड तारांवरून बोटं फिरवत गेले, वैद्याने नाडी बघावी तसे. एक तार ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बोल्टाने जोडलेली असते ना, तिथे बोट चटका बसून मागे आलं. बोल्ट खोलला. खाली हिरवा रंग! रंगवताना ती तार यांनीच सोडवली होती आणि रंगावरच परत आवळली होती. काही दिवस वीज नुसत्या बोल्टातून गेली, मग तोही गंजला. रंगातून वीज जाणार कशी?

प्राणेश, तेव्हा कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. पॉलिशपेपरचे चार हात मारले असते तर सगळं कल्लाप्पाच्या नावावर खपून गेलं असतं. यांनी सगळ्यांना जवळ बोलावून तो रंग दाखवला आणि मोठ्याने म्हणाले, "तप्पु नंदु. चूक माझी. कल्लाप्पाचं काम चोख आहे." शिवाप्पा एवढंच म्हणाले, "सरी. बरं." मग रंग खरवडून बोल्ट आवळला आणि पहिल्या दमात इंजिन धडधडलं. सत्तावीस वर्षं या माणसाच्या तक्रारी करत आले, पण परवा मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तू लिहितोस, यंत्र तुझ्या हातून बिघडलं, नोटीस मात्र तुझ्या जोडीला काम करणाऱ्या बसवंतला मिळाली, आणि गप्प राहिलास तर कुणाला कळणार नाही. खरंच कळणार नाही. तुझं पत्र मी तुरीच्या डब्यात ठेवलंय. अण्णा रोज विचारतात, पोराचं पत्र आलं का? मी नाही म्हणते. हे पत्र मिळताच साहेबांकडे जा आणि खरं ते सांग. नोकरी गेली तर घरी ये, कल्लाप्पाशेजारी बाकावर जागा आहे. आणि मग नवं पत्र लिही, अण्णांच्या नावाने. ते मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन.

तुझीच,
आई