हिरकणी कक्षाची किल्ली

माय, आज मी ऑफिसात साहेबांवर आवाज चढवला. तू जाऊन अकरा वर्षं झाली, आणि नांदेडच्या या ऑफिसात माझं बाविसावं वर्ष चालू आहे, पण आजवर माझा आवाज टेबलाच्या पलीकडं कधी गेला नव्हता. तुला वाचता येत नव्हतं आणि हा कागद कुठं पाठवायचाही नाही, तेव्हा अक्षराची काळजी नाही.

आमच्याकडं जिन्याजवळ एक खोली आहे. वर गुलाबी पाटी, हिरकणी कक्ष. तान्ह्या लेकरांच्या आयांनी पाजायला, नाहीतर घरी न्यायला दूध काढून ठेवायला म्हणून केलेली. फीत कापली, फोटो वर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी कुलूप घातलं. का, तर तपासणीला कुणी आलं तर खोली कोरी दिसली पाहिजे. सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. सोफा जपायचा आणि बाईला संडासात उभं करायचं, अशी आमची अक्कल. हो, संडासातच. आमच्याकडची नवी मुलगी चार महिन्यांचं लेकरू विष्णुपुरीला सासूजवळ ठेवून येते. पंधरा दिवस झाले, दुपारी कडी लावून, नाकाला रुमाल बांधून ती बाटलीत दूध काढते आणि बाहेरून बाया दार वाजवतात. काल तिच्या ड्रेसवर ओल आली तर एक जण हातात फाईल धरून तिथंच बघत उभा राहिला. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, मी डब्याचं दूध चालू करून राहिले. होत न्हाई आता."

सकाळी मी किल्ली मागायला गेले. साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तपासणी होऊन जाऊ द्या, मग बघू." मी म्हटलं, "मग लेकराला सांगा, तपासणी झाल्यावर भूक लागू दे."

हे शब्द माझे नव्हतेच, तुझे होते. लातूरची ती डाळ मिल. मी आठ वर्षांची, धाकटा कडेवर. दुपारच्या सुट्टीत त्याला फाटकापाशी आणायचं माझं काम. भुकटीनं पिवळी झालेली तू बाहेर येतेस, आधी पदरानं छाती पुसतेस, मग त्याला घेतेस. एक दिवस मुकादम म्हणतो, "बाई, कामाला येतीस का पोर पाजाय?" तू मान वर न करता सांगतेस, "दोन्हीला. ह्याचं पोट भरलं की तुमची डाळ निवडते." संध्याकाळी मी म्हणाले, कशाला त्याच्या तोंडी लागलीस, तर तू मलाच झापलंस. "गप बसायला मी काय त्याची डाळ चोरली का?"

पण नुसतं साहेबांवर तोंड टाकून माझं भागत नाही. दर तीन महिन्यांनी अहवाल जातो, 'कक्ष सुस्थितीत असून वापरात आहे', आणि त्याखाली सही माझी. साहेबांनी तेच ऐकवलं. "मॅडम, सही तर तुमचीच हाय की." माझं तोंड तापलं. म्हटलं, "आजपासून ती खरी करू. द्या किल्ली." त्यांनी ड्रॉवर उघडून ती टेबलावर आपटली. मी प्लास्टिक फाडलं, पोरीला आत बसवलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून अर्धा तास बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं असं बघितलं की कुणी काही विचारलं नाही.

बाटली रुमालात गुंडाळून ती बाहेर आली आणि म्हणाली, "तुमच्या वेळेला कसं केलं मॅडम तुम्ही?" मी सांगितलं, माझं दूध लवकर आटलं. तुलाही हेच सांगितलं होतं. ते ऐकून तू मिलचे खाडे करून, हळीव आणि खारका घेऊन एसटीनं नांदेडला आलीस. आठ दिवस मला खीर करून घातलीस. लेकीचं बाळंतपण आपल्याकडून नीट झालं नाही, असं शेवटपर्यंत येईल त्याला सांगत राहिलीस. माय, दूध आटलं नव्हतं. मी ते याच ऑफिसच्या बेसिनात पिळत होते, वरून नळ सोडत होते, आणि घरी येऊन तुझी खीर गुपचूप खात होते.