ते दामिनी मीच आहो

बाबा,

फर्स्ट शिफ्टवरून आले की आधी जेवून घ्या, वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे. मी बुद्ध विहारात जाऊन राहिली. तुमच्या तोंडावर हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

मागच्या रविवारी विहारात तुमी माईकवर म्हणलं, मोबाईलवर चेटकिणीची कादंबरी लिवणारी ते दामिनी आपल्या लेकरायच्या डोक्यात अंधश्रद्धा भरून राहिली. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मीनंही वाजवल्या. बाबा, ते दामिनी मीच आहो.

माझी चेटकीण उडते, राखेतून माणूस उभा करते, पण कोण्या देवाच्या पाया पडत नाही. तुमी एक पान तरी वाचाचं होतं.

आज चार वाजता विहारात दामिनीच्या विरोधात सह्या घेणार आहेत. त्याच्या आधी मी उभी राहून माझं नाव सांगणार आहो. कावून, तर बावीस प्रतिज्ञा तुमीच मले पाठ करवल्या, आन् खोटं न बोलायची चुकली की पुन्हा पहिल्यापासून म्हणायले लावत होते.

तुमचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीवर टांगला आहे. पहिली सही तुमची ठेवली आहे म्हणे. कराची असंन, तरी तोच घालून या.

साक्षी